हिरवी चौकट

धाड,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय शेखर,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. आयुष्यभर पोरांना पत्रलेखन शिकवलं, मायना, मजकूर, समारोप असं फळ्यावर लिहून दिलं, पण स्वतः कुणाला पत्र लिहिल्याला किती वर्षं झाली ते आठवत नाही. आता मायना लिहून झालाय आणि मजकूर कुठून सुरू करावा ते कळत नाहीये. आधी खुशाली सांगते. मी चालते-फिरते आहे. केस पुन्हा उगवलेत, पण पांढरे आणि कुरळे, त्यामुळे सईद मला मेंढी म्हणतात. अंगणातल्या अंगणात दम लागत नाही, मशिदीकडच्या चढाला लागतो. परवा पहिल्यांदा स्वतःच्या हातानं ज्वारीची भाकरी थापली. कडेला फाटली, पण फुगली. सईदनी ती कौतुकानं खाल्ली आणि मग हळूच दुसरी शेजारून आणलेली मागितली.

गावात कापसाची वेचणी चालू आहे. वेचायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर सकाळी उन्हं चढल्यावर येतात. सईद आता एकटेच दिवसभर वावरात असतात. यंदा कापूस घरात साठवायचा नाही असं उमैमानं पुण्याहून बजावून ठेवलंय. ती तिथं कॉम्प्युटरच्या कंपनीत रुळलीय. दर रविवारी व्हिडिओवर माझा चेहरा निरखते आणि मी किती जेवले ते विचारते, जशी मी तिला विचारायची.

मी कापूस म्हटला की मला तू आठवतोस, हे तुला ठाऊक आहे का? तुझी आई, माझी भिमामावशी, वेचणीला जाताना तुला अब्बांच्या दुकानात सोडून जायची. अब्बा गाद्या भरायचे, पिंजण्याची तार दिवसभर वाजायची, आणि त्या आवाजात तू पिंजलेल्या कापसाच्या ढिगात झोपून जायचास. उठलास की भुवयांवर, कानांत, नाकात कापूस. मी तुझ्यापेक्षा थोडी मोठी, म्हणून तुझं नाक पुसायचं आणि तुला शाळेत ओढत न्यायचं काम माझ्याकडे. आपा म्हणायला तुला अम्मीनं शिकवलं. आमच्या घरात सगळे दखनी बोलायचे, पण माझं मराठी पक्कं झालं ते तुझ्याशी भांडून भांडून. पुढे तू डॉक्टर झालास, बुलढाण्याला एक्स-रेचा डॉक्टर म्हणून बसलास, आणि अब्बांना खोकला लागला तेव्हा त्यांचा फोटो तू पाहिलास. तेव्हा मोठमोठ्या फिल्मा होत्या. तू ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरलीस आणि इतका वेळ पाहत राहिलास की अब्बा घाबरले. मग तू त्यांना जवळ बोलावून दाखवलंस की ही तुमच्या दुकानाची धूळ आहे, इथं इथं बसलीय, पण दुसरं काही नाही. अब्बा घरी येऊन अम्मीला म्हणाले की त्या पोरानं मला आतून पाहिलं. ते गेले ते वयानं गेले. तुझ्या शब्दावर त्यांची शेवटची वर्षं निवांत गेली.

आता माझ्या खोकल्याचं. तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं तू ते कधी ऐकलेलं नाहीस. मी तुला ऐकवलंच नाही. म्हणून पहिल्यापासून लिहिते, कंटाळू नकोस.

गेल्याच्या गेल्या हंगामात कापसाचा भाव पडला आणि गावानं ठरवलं की विकायचा नाही, थांबायचं. आमच्या पुढच्या खोलीत, मधल्या खोलीत, जिन्याखाली, सगळीकडे छतापर्यंत कापूस. आम्ही दोघं स्वयंपाकघरात झोपायचो. अंगाला खाज, डोळ्यांत चुरचुर, आणि मला खोकला. खोकला सगळ्या गल्लीलाच होता. बाया एकमेकींना विचारायच्या, तुमचा विकला का, आणि उत्तराआधी खोकायच्या. कापूस घराबाहेर पडला की खोकलाही पडेल, असं जो तो म्हणे. मी तर पिंजाऱ्याची लेक. कापसाच्या तुसांना मी काय घाबरणार होते?

त्यातच तुमच्या ट्रस्टच्या दवाखान्याची गाडी आली, टीबी शोधायला. छातीचे फोटो फुकट. गाडी ग्रामपंचायतीसमोर उभी आणि रांग पार बाजारापर्यंत. फोटो काढला की गाडीतल्या कॉम्प्युटरवर लगेच एक चौकट उमटायची. लाल आली की थुंकी तपासायची डबी हातात, हिरवी आली की घरी. ते एआय आहे, आपोआप फोटो वाचतं, असं गाडीवरच्या बाईंनी समजावून सांगितलं. तरी संध्याकाळी सगळे फोटो बुलढाण्याला डॉक्टरांपुढे जातात आणि सही त्यांची असते, असंही त्या म्हणाल्या. तेव्हा मी रांगेतल्या बायांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं की तो डॉक्टर माझा भाऊ आहे. माझी चौकट हिरवी आली. त्याच आठवड्यात तुझ्या सहीचा कागदही आला.

उन्हाळ्यात, पडेल त्या भावानं, कापूस गेला. खोल्या झाडल्या, भिंती पुसल्या, गाद्या उन्हात टाकल्या. गल्लीचा खोकला थांबला. माझा थांबला नाही. मला वाटलं, जुना आहे, सवकाश जाईल. कुणी काही म्हटलं की माझं उत्तर तयार असायचं: फोटो काढलाय, काही नाही. उमैमा फोनवर पुन्हा दाखव म्हणायची, तिलाही तेच. शेखर, तो कागद माझ्याकडे नसता तर मी कदाचित आधी निघाले असते. हे तुला टोचायला लिहीत नाही. असं झालं, म्हणून लिहिते.

पावसाळ्यात एका सकाळी चूळ भरताना बेसिनमध्ये रक्त दिसलं. सईदनी जीप ठरवली आणि आम्ही तडक तुझ्याकडे आलो. त्या दिवशी दवाखान्याचं नेट बंद होतं, ती चौकट येतच नव्हती. फोटो तू नुसत्या डोळ्यांनी पाहिलास. मी काचेच्या दाराबाहेर बाकावर बसून तुझ्याकडे पाहत होते. तू खुर्चीत पुढे सरकलास, आणि मग बराच वेळ हललाच नाहीस. बाहेर आलास ते माझ्याकडे न बघता सईदना म्हणालास की औरंगाबादला घेऊन जा, आजच निघा. मला वाटलं, बातमी वाईट आहे म्हणून नजर चुकवतोय. खरं कारण पुढे कळलं.

ऑपरेशनची तारीख लागली होती आणि मी ओट्यावर मेथी निवडत बसले होते, तेव्हा तू आलास. गाडी असून एसटीनं आलास. आज चालवायला नको वाटलं, म्हणालास. मी पाणी दिलं, ते तू तसंच हातात धरून बसलास. मग सांगितलंस की माझा शिबिरातला जुना फोटो तू पुन्हा उघडून पाहिलास. सावली तेव्हाही होती. बारीक, डाव्या बाजूला वर, गळ्याखालच्या आडव्या हाडाआड. आणि ती तुला तेव्हाही दिसली होती. वर डावीकडे शंका आहे, सीटी करावा, अशी ओळ तू लिहिली होतीस. मग तुझी नजर कोपऱ्यातल्या हिरव्या चौकटीवर गेली. पुन्हा फोटो पाहिलास, तर या वेळी तुला तिथं नुसतं हाड दिसलं. ओळ खोडलीस, सही केलीस आणि पुढचा फोटो उघडलास.

मी काही विचारलं नव्हतं, पण तू ते मशीन आल्यापासूनचं सांगत गेलास. पहिल्या दिवसांत तू पडद्याच्या कोपऱ्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचास, रंग आधी दिसू नये म्हणून. आपण पाहायचं, मनाशी ठरवायचं, मग कागद उचलायचा. मग जिनिंगवरच्या कचरूचा फोटो आला. तुला तो साफ वाटला होता, कागद उचलला तर लाल. तू मशीनवर हसलास, पण थुंकी तपासायला पाठवली, आणि टीबी निघाला. कचरू औषधं घेऊन बरा झाला, आता मला बाजारात भेटतो, चांगला अंगानं भरलाय. तेवढं श्रेय मशीनचं, आणि तू ते हातचं न राखता दिलंस. तसं आणखी काही वेळा झालं. प्रत्येक वेळी ते खरं ठरलं आणि तू खोटा. शिबिरं वाढली, तुझ्यापुढचे फोटो वाढले, कोपऱ्यावरचा कागद कधी निघाला ते तुला आठवतसुद्धा नव्हतं. डॉक्टर झाल्यापासून तू माझ्याशी शहरातलं बोलायचास. त्या दिवशी लहानपणचं बोललास.

“आपा, मशीनवर भरोसा बसला त्याचं काही नाही,” तू म्हणालास. “माह्या डोळ्यावरचा माहा भरोसा कधी उडाला, तेच मले समजलं नाही.”

मी मेथीची जुडी खाली ठेवली. मला रडू येत नव्हतं, ओरडावंसंही वाटत नव्हतं. मी फक्त विचारलं, “मग तू तिथं कायले होता, शेखर?”

तू पाण्याचा पेला ओट्याच्या कडेला ठेवलास आणि स्टँडकडे चालत गेलास. पुढे औरंगाबादला दवाखान्यात असताना कुणीतरी सांगितलं की तू नोकरी सोडलीस आणि मावशीला घेऊन धामणगाव बढ्याला, मामांच्या शेतावर राहायला गेलास.

प्रश्न मी परत घेत नाही. तो विचारायचा मला हक्क होता. पण त्यानंतर इतके महिने मी तुला एक शब्दही पाठवला नाही, तेव्हाचं सगळं तुला सांगायला हवं. मला राग होता. तुझ्यावर होता तेवढा त्या मशीनवर नव्हता, कारण मशीनला मी कडेवर घेतलं नव्हतं. औरंगाबादला डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढला. मग ती इंजेक्शनं सुरू झाली. तोंडाची चव गेली, नखं काळी पडली, उमैमानं रजा काढून माझं डोकं स्वतःच्या हातानं साफ केलं आणि मग गच्चीवर जाऊन रडून आली. तिथल्या डॉक्टरांना मी एकदा सरळ विचारलं, शिबिराच्या वेळीच कळलं असतं तर? ते चांगले गृहस्थ होते, विचार करून बोलले. ऑपरेशन तेव्हाही लागलंच असतं, म्हणाले. नंतरची इंजेक्शनं कदाचित टळली असती. कदाचित. हे तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. तू तुझ्या मनात मला मारूनच टाकलं असशील. तेवढं झालेलं नाही. पण काहीच झालं नाही, असंही नाही.

सईदचा राग माझ्याआधी उतरला. इंजेक्शनच्या खोलीबाहेर बसले असताना ते एकदा बोंडअळीची गोष्ट काढून बसले. ती नव्या बियाण्याची पाकिटं येण्याआधी ते सकाळी वावरात जाऊन चार ठिकाणची हिरवी बोंडं फोडून पाहायचे, आत अळी आहे का. नवं बियाणं आलं, पहिली काही वर्षं खरंच अळी नव्हती, आणि बोंड फोडायची सवय सगळ्या गावाचीच सुटली. मग गुलाबी अळीचं ते साल आलं. पऱ्हाटी हिरवीगार, बोंडं टपोरी, बघणारा थांबून बघायचा. वेचायला गेलो तर आत कापूस पिवळा, किडका, हातात घ्यावासा वाटेना. “बियाणं फसवं नव्हतं,” सईद म्हणाले, “आपण आत पाह्यचं सोडलं. त्या बिचाऱ्याचंही तसंच झालं असंल.” मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, पऱ्हाटी पुढच्या साली पुन्हा लावता येते. मला तेव्हा कुणी काही समजावून द्यायला नको होतं.

इंजेक्शनं संपत आली तेव्हा सईदच्या पुतण्यानं, अकीलनं, तक्रार लिहून आणली. तू त्याला पाहिलंयस, स्टँडजवळ मोबाइलचं दुकान आहे. पोरगा जीव लावणारा, माझ्या प्रत्येक खेपेला गाडी त्यानंच चालवली. तक्रारीत सगळा दोष तुझा होता आणि खाली माझ्या सहीला जागा सोडली होती. ट्रस्टनंही चौकशी नेमली होती आणि त्यांचे उत्तमराव नावाचे ट्रस्टी माझी हकीकत घ्यायला घरी येणार होते. मशीनवाले म्हणत होते की आमचं यंत्र नुसती मदत करतं, शेवटचा शब्द डॉक्टरचा. ट्रस्ट म्हणत होता, सही डॉक्टरची. अकीलचा कागदही तेच म्हणत होता. वाचायला अगदी सोपं होतं सगळं. मी पेन उघडलं आणि थांबले, कारण मला माझेच पेपर आठवले.

आमच्याकडे केंद्राच्या परीक्षेत मराठीचा पेपर दोघांनी तपासायचा असे. पहिल्या गुरुजींचे गुण वरती लाल शाईत लिहिलेले असायचे आणि मग गठ्ठा माझ्याकडे यायचा. निबंध वाचताना मला जे वाटायचं ते वाटायचं, पण त्या लाल आकड्यापासून फार लांब जायला हात धजत नसे. गुरुजी माझ्याहून जुने, त्यांना काहीतरी दिसलं असेल, असं म्हणून मी माझा आकडा त्यांच्या जवळ नेऊन ठेवायची. एका वर्षी नव्या मुख्याध्यापिकेनं पहिले गुण झाकून गठ्ठे पाठवले. त्या वर्षी आमचे गुण इतके वेगळे आले की दोघांना समोरासमोर बसून एकेक निबंध पुन्हा वाचावा लागला. कधी त्यांचं खरं निघालं, कधी माझं. आधीच्या वर्षांत मी कामचुकार होते असं नाही रे. मला वाचता येत नव्हतं असंही नाही. आकडा डोळ्यांसमोर होता, एवढंच. आणि तो आकडा तिथं मी ठेवलेला नव्हता.

उमैमाला मी फोनवर खोदून खोदून विचारलं की हे मशीन शिकतं कसं. तिनं माझ्यासारख्या मास्तरणीला कळेल असं सांगितलं. त्याला टीबीचे हजारो फोटो दाखवून टीबी ओळखायला शिकवलेलं असणार. हाडाआडची बारीक गाठ हा त्याचा धडाच नव्हता. म्हणजे हिरव्या चौकटीचा अर्थ टीबी दिसत नाही, एवढाच होता. आपण सगळ्यांनी तो काहीच नाही असा वाचला. गाडीवरच्या बाईंनी तसा वाचला, तू तसा वाचलास, आणि मी तर तो कपाटात घडी करून ठेवला. ते यंत्र बिचारं खोटं बोललंच नव्हतं. त्याला जे विचारलंच नव्हतं त्याचं उत्तर आपण त्याच्याकडून घेतलं.

उत्तमराव आले तेव्हा मी अकीलच्या कागदावर सही केली नाही. अकील उठून गेला, आणि पुढे रमजानात खजूर घेऊन आला तोवर माझ्याशी बोलला नाही. मी उत्तमरावांना तू निर्दोष आहेस असंही सांगितलं नाही. मी म्हणाले, डॉक्टरला दिसलं होतं आणि त्यानं ते खोडलं, ही त्याची चूक. ती त्यानं स्वतः येऊन सांगितली, कुणी पकडली नाही. पण त्याच्या डोळ्यांआधी रंग दाखवायचा, हे कुणी ठरवलं? दिवसभराच्या शिबिराचे सगळे फोटो संध्याकाळी एकाच माणसापुढे कुणी टाकले? ते दोन्ही तुम्ही लिहून घेणार असाल तर माझी सही घ्या. उत्तमराव जरा चुळबुळले, चष्मा पुसला, पण त्यांनी लिहून घेतलं. शब्दन् शब्द मी वाचून पाहिला, एक काना दुरुस्त केला आणि सही केली.

तुला हे कुणी कळवलंय की नाही मला माहीत नाही, कारण तू फोन उचलत नाहीस. तिथला नियम आता बदललाय. डॉक्टरनं आधी फोटो पाहायचा, आपल्याला काय दिसलं ते लिहायचं, तोवर रंग उघडतच नाही. दोघांचं जुळलं नाही तर तो फोटो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. हे सांगायला उत्तमरावांनी मुद्दाम फोन केला होता. नव्या पद्धतीत वेळ फार जातो अशी कुरकुर आहे म्हणे. असू दे. तुझ्या खुर्चीवर अजून कायमचं कुणी बसलेलं नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

मागच्या बाजारच्या दिवशी भिमामावशी आली होती. बुलढाण्याहून जीप बदलून, अंबाडीची भाजी पदराखाली घेऊन. या वयात एवढा प्रवास. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि केसांना खूप हसली. मी तुझं नाव काढेपर्यंत तिनं काढलं नाही. मग चहाची बशी खाली ठेवून म्हणाली, “तो आता फोटो पाह्यतच नाही व माय. कोणी दारात घेऊन आलं तरी हात लावत नाही. म्हणते, माह्या डोळ्याचं काही खरं नाही.” एवढंच. मला काही करायला तिनं सांगितलं नाही. मी आणि सईद तिला स्टँडवर सोडून आलो. जीपमध्ये चढताना तिनं माझ्या हाताचा मुका घेतला, आणि माझ्या मनात आलं की या बाईनं आपलं लेकरू विश्वासानं आमच्या दुकानात ठेवलं होतं.

तिची जीप गेल्यावर परत येताना मला माझ्याच प्रश्नाचं उत्तर सापडलं. मशीन चुकलं, तूही चुकलास. मशीन बुलढाण्यातच राहिलं. तू खोडलेली ओळ जगात कुणालाही दिसणार नव्हती. जुना फोटो तू उघडला नसतास तर मी आजही तुला दुवा देत असते की माझ्या भावानं वेळेवर ओळखलं. तू तो उघडलास, आणि एसटीत बसून माझ्या ओट्यावर आलास. तू तिथं कशासाठी होतास, तर यासाठी होतास. त्या दिवशी मला ते दिसलं नाही, माझ्यापुढे दुसरंच काही होतं. एवढ्यानं सगळं फिटलं असं म्हणणार नाही. अजूनही चढावर दम लागला की आधी तुझा राग येतो. मग थांबून श्वास घेते, तोवर जातो.

आता हे पत्र का लिहिलं ते. गेल्या आठवड्यात औरंगाबादला माझा तपासणीचा सीटी झाला. तिथल्या मशीननं तो वाचला, तिथल्या डॉक्टरांनी वाचला, कागद माझ्या हातात दिला. त्यात काय आहे ते मी या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. शोधू नकोस. पाकिटात फक्त सीडी आहे. तो कागद मी इतक्यांदा वाचलाय की घड्या फाटायला आल्या, पण शेखर, एकदा कागदावर विसंबून बसलेल्या बाईला आता कुठल्याच कागदावर निवांत होता येत नाही. मला भीती वाटते. हे मी सईदना सांगितलेलं नाही, उमैमाला तर नाहीच. मी हे मावशीसाठी करतेय किंवा तुला खुर्चीवर परत बसवायला करतेय असं तुला वाटेल, आणि तसं झालं तर मला आवडेलही. पण खरं कारण भीतीच आहे. हे तुझ्यावर ओझं आहे, तेही मला कळतं. दुसऱ्या कुणावर टाकावंसं वाटलं नाही, कारण तिथं जे होतं ते पहिल्यांदा तुलाच दिसलं होतं. तेव्हा दिवसाउजेडी, पोटभर जेवून, कॉम्प्युटर उघडून बस. घाई करू नकोस. जे दिसेल ते लिही. काही दिसलं नाही, तर तसं लिही. आणि लिहिलेलं खोडू नकोस. मग मला फोन कर. तू वाचून दाखव, त्यानंतर मी माझा कागद वाचून दाखवते.

फोन जवळ घेऊन बसलेली,
तुझी नूरआपा